जवळचा हात : जामखेडच्या गांवांपासून घ्यावयाचा धडा

वाडीवरील एखादें तान्हें मूल मध्यरात्रीं जुलाबानें गळून गेलें, म्हणजे त्याच्या आईच्या हांकेस प्रथम कोण ओ देतें? तालुक्याचा डॉक्टर नव्हे. तो दूर आहे. रुग्णवाहिका बोलाविली, तरी ओढ्याला पाणी आलेलें असल्यास ती पलीकडेंच थांबणार. प्रथम ओ देते ती शेजारीण. ती दिवा घेऊन येते, मुलाच्या अंगाला हात लावून पाहते, आणि तिला जें ठाऊक असेल तें करते. जुन्या समजुतीप्रमाणें तिनें जुलाब थांबेपर्यंत मुलाचें पाणी तोडावयास सांगितलें, तर सकाळपर्यंत मूल हातचें जाण्याची भीति. आणि चमचा चमचा पाणी पाजीत राहावयास सांगितलें, तर तें वांचण्याची आशा. शेजारीण तीच, माया तीच, रात्रहि तीच. भेद काय तो तिला मिळालेल्या शिकवणीचा.

ह्या लेखांत आम्ही वाचकांपुढें हाच प्रश्न ठेवीत आहों. गरीब वस्तीला खरी मदत कोणाच्या हातून व्हावी? बाहेरून येणाऱ्या शहाण्याच्या, कीं त्याच वस्तींत नांदणाऱ्या माणसाच्या? ह्याचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्यापेक्षां, आपल्याच मुलखांत पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीं आरंभिलेल्या एका कामावरून शोधणें बरें. तें काम जामखेडचें. वाचकांपैकीं कित्येकांनीं त्याचें नांव ऐकिलें असेल. परंतु तें कसें चाललें, कोठें अडलें, व अडल्यावर कोणी वाट दाखविली, हें क्रमानें पाहिल्याशिवाय त्यांतला धडा हातीं लागत नाहीं.

१. दवाखान्यापुढील रांग

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती पतिपत्नी वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून तयार झाले. १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनीं अहमदनगर जिल्ह्यांत (ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात) वडाळा येथील मिशन दवाखान्यांत सेवा केली. दवाखान्यांत रोगी येत, बरे होत, घरीं जात. आणि कांहीं काळानें तेच रोगी, किंवा त्यांचींच भावंडें, त्याच दुखण्यानें परत येत. ह्यांत गूढ असें कांहीं नव्हतें. औषध दवाखान्यांत होतें, परंतु दुखण्याचें मूळ घरीं होतें. तें गढूळ पाण्यांत होतें, रिकाम्या मडक्यांत होतें, आणि अस्वच्छ विळ्यानें नाळ कापण्याच्या चालींत होतें. मूळ एकीकडे व उपाय दुसरीकडे असला, तर रांग कशी संपावी?

पुढें उभयतांनीं अमेरिकेंत जाऊन सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेतलें, आणि परत आल्यावर १९७० सालीं जामखेड येथें कामास आरंभ केला. जामखेड तालुका बीड जिल्ह्याच्या सीमेवरचा, पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. तेथील पुढाऱ्यांनीं त्यांना बोलाविलें होतें. पहिला दवाखाना थाटला गेला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतींत. परंतु ह्या वेळीं दवाखाना हें कामाचें अर्धेंच अंग होतें. दुसरें अंग गांवांत होतें.

२. आधीं ऐकणें, मग सांगणें

डॉक्टरांनीं गांवांत जाऊन लोकांशीं बोलणें काढलें, तेव्हां असें दिसून आलें कीं लोकांच्या मनांत औषधाला पहिला मान नव्हता. त्यांना हवें होतें पाणी आणि अन्न. तो काळ दुष्काळाचा होता. १९७२ चा दुष्काळ अजूनहि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत येतो. अशा वेळीं "आम्ही तर आरोग्याचें काम करण्यास आलों, पाण्याचें आमच्याकडे नाहीं" असें उत्तर दिलें असतें, तर तें नियमास धरून झालें असतें, पण तेथेंच सर्व संपलें असतें. तसें उत्तर देण्यांत आलें नाहीं. गांवोगांव कूपनलिका घेण्यांत आल्या, व त्यांपैकीं पुष्कळ दलित वस्तींत घेतल्या गेल्या. ह्याचा अर्थ काय झाला तो पाहावा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या विहिरीपासून दूर उभें राहून कोणी पाणी वाढील म्हणून वाट पाहावी लागे, त्यांच्याच दारीं आतां सारें गांव घागर घेऊन येऊं लागलें. कोणतेंहि व्याख्यान न देतां पाण्यानें आपलें काम केलें.

मुलांसाठीं अन्नाचीं केंद्रें निघालीं, व तीं चालविण्याचा भार गांवकऱ्यांनीं आपल्या अंगावर घेतला. तरुण पुरुष निरनिराळ्या जातींचे. ते सभेला एकत्र बसावयाचे नाहींत, परंतु व्हॉलीबॉल खेळावयास एकत्र येत. खेळतां खेळतां ओळख झाली, ओळखींतून बोलणें, आणि बोलण्यांतून शेतकरी मंडळें उभीं राहिलीं. पुढें स्त्रियांचीं महिला मंडळें निघालीं. वाचकांनीं येथें हा क्रम ध्यानांत ठेवावा: आधीं ऐकणें, मग लोकांच्या गरजेस हात घालणें, मग एकत्र बसणें. शिकवण त्यानंतर आली.

३. नर्स कां टिकली नाहीं

तरीहि एक मोठी अडचण राहिलीच. प्रत्येक गांवांत रोज कोण राहणार? पहिली योजना अशी होती कीं शिकलेल्या नर्सबाईंनीं गांवांत राहून काम करावें. योजना कागदावर निर्दोष होती. परंतु नर्सबाई परगांवची, बहुधा तरुण. तिला गांवांत एकटीनें राहण्याची धास्ती वाटे, आणि गांवच्या बायांना तिच्या बोलण्याचा विश्वास वाटत नसे. जिचें बाळंतपण ह्या गांवांत झालें नाहीं, जिनें ह्या दुष्काळांत आमच्याबरोबर खडी फोडली नाहीं, ती आम्हांला पोर कसें वाढवावें हें काय सांगणार, असा प्रश्न कोणी तोंडानें न विचारला तरी डोळ्यांत दिसतो. नर्सबाईंचा ह्यांत दोष नव्हता. त्यांच्याजवळ ज्ञान होतें, नातें नव्हतें.

तेव्हां वाट सुचविली ती गांवानेंच. परकी बाई आणण्यापेक्षां आमच्याच गांवची एखादी बाई शिकवून तयार करा, असें लोकांकडून पुढें आलें. आम्हांस वाटतें, जामखेडच्या सर्व इतिहासांत ह्याहून महत्त्वाची घटका दुसरी नाहीं. शिकलेल्यांची योजना फसली, व न शिकलेल्यांची सूचना स्वीकारली गेली.

४. गांवानें निवडलेली बाई

ह्या बाया कोण होत्या? गांवानें निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर, त्यांतील कित्येक दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्यानें टाकलेल्या. ज्यांचें ऐकून घेण्याची कोणाला संवय नव्हती, त्याच आतां शिकूं लागल्या. त्या आठवड्याला जामखेडास येत, तेथें मुक्काम करीत, एकत्र जेवत, एकत्र निजत, आणि शिकत. पाटी-पेन्सिल नसली तरी त्यांची स्मरणशक्ति जात्यावरच्या ओव्यांनीं तयार झालेली होती. गाण्यांतून, चित्रांतून, संभाषणांतून त्या शिकत, व गांवीं परत जाऊन जें शिकल्या तेंच करीत. पुढच्या खेपेस काय साधलें व काय फसलें तें सांगत. अशा रीतीनें गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचें वजन, जुलाबावर साखर-मिठाचें पाणी, क्षय व महारोग ह्यांच्या खुणा व औषध नियमानें घेतलें जातें कीं नाहीं ह्यावर लक्ष, हें सर्व त्यांच्या हातांत आलें.

परंतु ज्ञान हातांत येणें निराळें, व लोकांच्या गळीं उतरणें निराळें. बाळंतिणीचें पहिलें पिवळसर दूध, ज्याला चीक म्हणतात, तें खराब समजून पिळून टाकण्याची चाल पुष्कळ घरीं होती. गरोदरपणीं फार खाल्लें तर मूल मोठें होऊन बाळंतपण अडतें, अशीहि समजूत होती. बाहेरचा डॉक्टर ह्यास अज्ञान म्हणून हंसला, तर सासूबाई गप्प बसतील, आणि तो गेल्यावर पूर्वीं चालत होतें तेंच चालवितील. पण त्याच गल्लींतील बाई जेव्हां म्हणते कीं माझ्या सुनेला मी पोटभर खाऊं घातलें, पहिला चीक बाळाला पाजविला, पाहा तें बाळ, तेव्हां पुरावा दारांत रांगत असतो. त्याला उत्तर नसतें.

आरंभीं वरच्या जातीच्या घरांत दलित बाईला आंत घेण्यास कांकूं होई. तथापि ज्या घरचें मूल आजारी, त्या घरचा उंबरठा हळूहळू मऊ होतो. जी कालपर्यंत अंगणांत उभी राहत होती, तिला आज आंत बोलावून बाळंतिणीपाशीं बसवावें लागलें.

५. पणतीचा दृष्टांत

१९८८ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन शहरीं आरोग्यकार्य करणाऱ्यांची एक मोठी परिषद भरली होती. तेथें जामखेडच्या एक ग्रामआरोग्य-सेविका, मुक्ताबाई पोळ, बोलावयास उभ्या राहिल्या. त्यांनीं सभागृहाच्या छतावरील झगझगीत झुंबरांकडे बोट दाखविलें, व आपल्याजवळची एक साधी पणती दाखविली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता: झुंबर सुंदर खरें, पण महाग, आणि त्याला वीज लागते, पणती स्वस्त, साधी, आणि एक पणती दुसरी पणती लावूं शकते, जें झुंबराला साधत नाहीं. आपण व आपल्यासारख्या बाया ह्या पणत्या आहों, असें त्यांनीं सांगितलें. सभेनें उभें राहून त्यांचा गौरव केला.

ह्या दृष्टांतांत गौरवापेक्षां एक कठीण गोष्ट लपलेली आहे. पणती लावावयाची, तर जवळ असलेली ज्योत दुसऱ्याला द्यावी लागते. वैद्यकाचें ज्ञान हें पुष्कळ ठिकाणीं कुलूप लावलेल्या पेटींतील धनाप्रमाणें राखलें जातें. जामखेडास तें वांटून टाकलें गेलें, आणि ज्यांनीं वांटलें त्यांचें मोल कमी झालें नाहीं. शस्त्रक्रियेची व कठीण दुखण्यांची सेवा करण्यास त्यांना उलट सवड मिळाली. शिकलेल्या माणसाला, मग तो डॉक्टर असो, मास्तर असो, कीं पाळक असो, आपलें ज्ञान दुसऱ्याच्या तोंडून निघालेलें ऐकणें व त्याचें श्रेय दुसऱ्याला मिळालेलें पाहणें, ह्यासाठीं मन मोठें करावें लागतें.

६. फळ काय आलें

कामाची परीक्षा फळावरून होते. जामखेडच्या कामांतील गांवांत १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या दर १,००० बालकांपैकीं १७६ वर्षाच्या आंत दगावत. १९७६ पर्यंत हा आंकडा ५२ वर आला, व नंतर आणखी उतरला. मोठीं इस्पितळें बांधून नव्हे, तर साध्या बायांच्या हातून पांच-सहा वर्षांत हें घडलें. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें निरनिराळ्या देशांतील लोकांनीं चालविलेल्या आरोग्यकार्यांविषयीं जें पुस्तक काढलें, त्यांत जामखेडचा वृत्तान्त आला. १९७९ सालीं आरोळे पतिपत्नींस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले.

हें एकाच ठिकाणचें भाग्य म्हणावें, तर दुसरी साक्ष गडचिरोलीची आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनीं तेथें १९८६ पासून काम चालविलें. जिल्ह्यांतील ३९ गांवांत गांवच्याच बायांना नवजात बालकांची घरीं काळजी घेण्याचें शिक्षण देण्यांत आलें: बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास अडला तर काय करावें, जंतुसंसर्गाच्या खुणा कोणत्या, व त्यावर औषध केव्हां द्यावें. १९९५ ते १९९८ ह्या काळांतील ह्या कामाचा अहवाल १९९९ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आला. शेजारच्या ज्या गांवांत ही व्यवस्था नव्हती, त्यांच्याशीं ताडून पाहतां, तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं कमी झालेले आढळले. मुलूख निराळा, लोक निराळे. पण रीत तीच, व फळहि तेंच.

७. एक शंका व तिचें उत्तर

येथें विचारी वाचक विचारील: गांवानेंच सर्व करावें, तर सरकारनें काय करावें? गरिबाला स्वस्त बाई, आणि श्रीमंताला मोठा डॉक्टर, असा हा न्याय तर नव्हे? ही शंका टाळण्याजोगी नाहीं.

पहिलें उत्तर हें कीं जामखेडची बाई एकटी नव्हती. तिच्यामागें दवाखाना होता. अडलेलें बाळंतपण, रक्त पडणारा रोगी, न उतरणारा ताप, ह्यांना कोठें धाडावयाचें हें तिला ठाऊक होतें, आणि धाडल्यावर तेथें दार उघडें असे. ज्या पणतीला तेल कोणी घालीत नाहीं, ती फार वेळ जळत नाहीं.

दुसरें उत्तर आजच्या काळाशीं निगडित आहे. २००५ सालीं भारत सरकारनें ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलें, आणि सुमारें १,००० वस्तीमागें गांवचीच एक बाई 'आशा' म्हणून नेमण्याची रीत घातली. आज देशांत अशा सुमारें दहा लाख बाया आहेत. २०११ पासून नवजात बालकांच्या घरीं जाऊन त्यांची काळजी घेण्याचें कामहि त्यांजकडे सोपविलें गेलें. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा सन्मान केला. परंतु ह्याच बायांना आपल्या महाराष्ट्रांत मानधनासाठीं २०२१ व २०२३ सालीं संप करावा लागला, हेंहि विसरतां कामा नये. त्यांना स्वयंसेविका म्हणावयाचें, आणि रात्रीं-अपरात्रीं उठवावयाचें, व मोबदला मात्र कामागणिक मोजून द्यावयाचा, ह्यांत सेवेच्या नांवाखालीं कष्ट लुबाडण्याचा धोका आहे. राबणाऱ्याचें पोट भरलें पाहिजे. जी मंडळी आशाबाईला टाळ्या देते पण तिच्या मागणीला दोन शब्दांचा आधार देत नाहीं, तिनें जामखेडचा अर्धाच धडा घेतला.

८. आपल्या वस्तीसाठीं

आतां हें सर्व आपल्या दारीं कसें आणावें? उपदेशक बंधूंनीं व मंडळींतील वडिलांनीं पुढील चार गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

पहिली, बैठक वस्तीच्या शेवटल्या घरापाशीं भरवावी. देवळाच्या ओट्यावर किंवा चावडीवर भरविली, तर तेच तेच बोलतात. शेवटल्या घरीं बसल्यास कोणाला कशाची वाण आहे तें डोळ्यांनीं दिसतें. ऐकावें, व लोक जें पहिलें म्हणतील तेंच पहिलें हातीं घ्यावें.

दुसरी, निवड लोकांनीं करावी. पाळकानें किंवा सरपंचानें आपली पुतणी पुढें करूं नये. ज्या घरीं बाया आधींच सल्ल्याला जातात, तेथें बहुधा ती व्यक्ति सांपडते. तिला वाचतां येत नाहीं ह्याची खंत नको. तिच्या तोंडीं गुप्त गोष्ट राहते कीं नाहीं, हें पाहावें.

तिसरी, शिकवण थोडी, खरी, व हाताची असावी. वर सांगितलेल्या त्या मुलाचें उदाहरण घ्या. दवाखान्याची जीवनक्षार पुडी घरीं असल्यास तीच तिच्यावर लिहिल्याप्रमाणें वापरावी. नसल्यास एक लिटर स्वच्छ, उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. माप बिघडूं देऊं नये. मीठ अधिक झालें तर अपाय होतो. हें पाणी घोट घोट देत राहावें, आईचें दूध चालू ठेवावें. मूल पीत नसेल, सुस्त पडलें असेल, डोळे खोल गेले असतील, किंवा शौचांत रक्त दिसेल, तर क्षणाचा विलंब न लावतां दवाखाना गांठावा, व वाटेनेंहि पाणी पाजीत जावें. एवढें एक ज्ञान वस्तींतील दहा बायांना पाठ झालें, तरी मोठें काम झालें.

चौथी, तिला एकटी सोडूं नये. तिला शिकविणारी परिचारिका कोण, दवाखान्याचा मार्ग कोणता, गाडी कोणाची, रात्रीं सोबत कोण जाणार, तिच्या रोजाची भरपाई कशी, ह्या पांच प्रश्नांचीं उत्तरें नांवानिशीं ठरल्यावांचून तिच्यावर भार टाकूं नये.

असो. ह्या इतिहासांतून आम्हीं जें शिकावयाचें तें थोडक्यांत हें: गरीब वस्तीजवळ मदत करणाऱ्यांचा तुटवडा नसतो. शेजारीण पूर्वींहि धांवून येत होती, आजहि येते. तुटवडा असतो तो तिच्यावर विश्वास टाकून तिला ज्ञान, आधार व योग्य मोबदला देणाऱ्यांचा. तो तुटवडा भरून काढणें ज्यांच्या हातीं आहे, त्यांत हा लेख वाचणारा प्रत्येक साक्षर मनुष्य येतो. कारण हें पान वाचून दाखविणें हीहि एक पणती लावणेंच होय.

विचारार्थ प्रश्न (सायंकाळच्या बैठकींत वाचून दाखवावे)

१. आपल्या वस्तींत मध्यरात्रीं दुखणें आलें, तर लोक प्रथम कोणाचें दार ठोठावतात? त्या व्यक्तीला आपण काय शिकविलें आहे?

२. नर्सबाईंजवळ ज्ञान असूनहि जामखेडच्या गांवांत त्यांचें काम कां अडलें? आपल्या गांवीं बाहेरून आलेली कोणती चांगली योजना अशाच कारणानें अडली?

३. कूपनलिका दलित वस्तींत घेतल्यानें गांवांत काय बदललें? आपल्या गांवचा नळ, हातपंप किंवा टाकी कोणाच्या दारीं आहे, आणि कां?

४. गांवच्या आशाबाईला गेल्या महिन्यांत कोणत्या अडचणी आल्या, हें तिलाच बोलावून विचारावें, व त्यांपैकीं एक तरी दूर करण्याचें काम ह्याच बैठकींत कोणाकडे तरी नांवानिशीं सोपवावें.